बटाटा आला, लक्षणा राहिली: पोर्तुगीज शब्दांचे सरळ आणि लाक्षणिक अर्थ ओळखायला शिकताना

पोर्तुगीज शिकायला बसलेल्या मराठी माणसाजवळ पहिल्याच दिवशी थोडी शिदोरी असते. बटाटा, पाव, पगार, चावी, बादली, फीत, घमेलं, मेस्त्री, अननस, काजू हे सगळे शब्द गोवा, वसई, चौलच्या किनाऱ्यावरून आपल्या घरांत शिरले आणि इतके रुळले की ते परके आहेत हे सांगावं लागतं. मी नवशिक्यांना शिकवताना नेहमी इथूनच सुरुवात करतो. वर्गात 'बाताता' म्हटलं की सगळ्यांचे चेहरे खुलतात. मग मी एक वाक्य फळ्यावर लिहितो: 'वाइ प्लांतार बातातास!' शब्दशः अर्थ, 'जा, बटाटे लाव.' खरा अर्थ, 'चल, चालता हो इथून.' ओळखीचा बटाटा तिथे अनोळखी होतो.

कारण असं की हे शब्द आपल्याकडे वस्तूसोबत आले. बादली आली तशी 'बाल्दे' आली, पाव आला तसा 'पांव' आला. त्या शब्दांभोवती पोर्तुगीज माणसाने शतकानुशतकं जे लाक्षणिक अर्थ गुंडाळले होते, ते तिकडेच राहिले. आपण आपले नवे गुंडाळले. घड्याळाला चावी देतात तशी आपण माणसालाही चावी देतो. पोर्तुगीज माणूस या दोन्ही कामांना 'दार कोर्दा', म्हणजे दोरी देणं, म्हणतो. कल्पना तीच, पण चावीचा पत्ता नाही. म्हणून ओळखीच्या शब्दावर जास्त लक्ष ठेवावं लागतं. अनोळखी शब्द आपण शब्दकोशात शोधतो, ओळखीचा शब्द मात्र न तपासता पुढे जातो, आणि चूक तिथेच होते.

लिप्यंतराबद्दल आधीच सांगून ठेवतो. इथे पोर्तुगीज शब्द स्पेलिंगच्या जवळ राहून देवनागरीत लिहिले आहेत, म्हणजे तुम्हाला ते कोशात शोधता येतील. बोलताना शेवटचा 'ओ' बहुधा 'उ' होतो, आणि ब्राझीलमध्ये शेवटचा 'ए' बहुधा 'इ' होतो. म्हणून 'शावे' तिकडे 'शावी' ऐकू येते, थेट आपल्या चावीच्या शेजारी. आपल्या शब्दात 'च' का, याचंही उत्तर आहे: जुन्या पोर्तुगीजमध्ये तो उच्चार 'च'सारखाच होता, नंतर त्याचा 'श' झाला. आपल्याकडे जुना उच्चार जपला गेला आहे.

पहिली पायरी: आधी चित्र बघा

शाळेत मराठी व्याकरणात शब्दशक्ती शिकलो ते इथे कामाला येतं. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ. त्याला वाच्यार्थ म्हणतो. लक्षणा म्हणजे तो सरळ अर्थ बाजूला ठेवून घ्यावा लागणारा, त्याच्याशी नातं असलेला अर्थ. पोर्तुगीजमध्ये याच जोडीला 'सेंतीदो लितेराल' आणि 'सेंतीदो फिगुरादो' म्हणतात. मौज अशी की 'शब्दशः' याला त्यांचा रोजचा शब्दप्रयोग आहे 'आओ पे दा लेत्रा', म्हणजे 'अक्षराच्या पायाशी'. शब्दशः हे सांगायलाही त्यांना रूपक लागतं.

नवा वाक्प्रचार भेटला की घाईने त्याचा 'खरा अर्थ' पाठ करू नका. आधी वाच्यार्थ पूर्ण उभा करा, डोळ्यांसमोर चित्र येईपर्यंत. 'बाल्दे दे आग्वा फ्रीआ' म्हणजे थंड पाण्याची बादली. उत्साहात असलेल्या माणसाच्या डोक्यावर ती ओतली जाते असं बघा, मग त्याचा अर्थ घोर निराशा हे वेगळं सांगावं लागत नाही. आपण म्हणतो तसं आशेवर पाणी पडलं. 'ग्वार्दार आ सेते शावेस', सात चाव्यांनी जपणं, म्हणजे अत्यंत गुप्त ठेवणं. 'कोमेर ओ पांव के ओ दियाबो आमासोउ', सैतानाने मळलेल्या पिठाचा पाव खाणं, म्हणजे हालअपेष्टा सोसणं. हे शेवटचं मला फार आवडतं. मळणारा कोण हे कळलं की त्या पावाची चव कळते.

काही वेळा चित्र बघताच आपल्या घरचंच निघतं, आणि तो आनंद सोडू नका. पोर्तुगालमध्ये एखादा 'दे मांवस आ आबानार' परत येतो, हात हलवत. आपणही काम न होता परतलेल्याला हात हलवत आला असंच म्हणतो. कामाला भिडताना ते 'आरेगासार आस मांगास' म्हणतात, बाह्या वर सारणं. आपण बाह्या सरसावतो.

दुसरी पायरी: मम्मटाची कसोटी लावा

अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटाने लक्षणा कधी मानायची याच्या अटी सांगून ठेवल्या आहेत. पोर्तुगीजसाठी मला याहून सोपी कसोटी सापडलेली नाही. एक, सरळ अर्थाला अडथळा यायला हवा. दोन, नव्या अर्थाचं सरळ अर्थाशी काही नातं हवं. तीन, त्यामागे एक तर रूढी हवी, नाहीतर बोलणाऱ्याचा काही खास हेतू हवा.

'ओ शेफे पासोउ उं साबांव नो एम्प्रेगादो.' शब्द जुळवले तर: साहेबाने कर्मचाऱ्याला साबण लावला. ऑफिसात साबण लावतं कोण? अडथळा आला. नातं बघा: साबण लावणं म्हणजे घासून काढणं. रूढी बघा: कोशात 'साबांव'खाली खरडपट्टी हा अर्थ मिळतो. म्हणजे साहेबाने त्याला चांगलं झापलं. आपण बिनपाण्याने हजामत करतो, ते साबण लावतात; न्हाणीघरातली हत्यारं दोन्हीकडे रागवायला वापरली जातात. (साबण आणि साबांव हे दोघेही शेवटी एका लॅटिन शब्दाला जाऊन भिडतात.)

याउलट न्हाणीघरातून कुणी ओरडलं, 'पासा-मे ओ साबांव!' तर अडथळा काहीच नाही. साबण द्या आणि मोकळे व्हा. नवशिके दोन टोकं गाठतात. सुरुवातीला सगळं सरळ घेतात, आणि वीस-पंचवीस वाक्प्रचार शिकले की प्रत्येक वाक्यात गूढ अर्थ शोधू लागतात. अडथळा नसेल तर लक्षणा मानू नका.

आणखी एका गोष्टीत गल्लत होते. एकाच स्पेलिंगचे दोन वेगळे शब्द म्हणजे लक्षणा नव्हे. वर बाह्यांसाठी 'मांगा' आला. 'मांगा' म्हणजे आंबासुद्धा. आंब्याचा 'मांगा' दक्षिण भारतातून, मल्याळमकडून पोर्तुगीजांनी उचलला. बाहीचा 'मांगा' लॅटिनमधून आला. आंब्याचा आणि बाहीचा संबंध लावत बसू नका, दुसरी अट पुरी होणार नाही.

तिसरी पायरी: विझलेली रूपकं ओलांडून पुढे जा

काही लाक्षणिक अर्थ इतके मुरलेले असतात की बोलणाऱ्याला ते रूपक आहे हे जाणवतच नाही. टेबलाला पाय असतो, आपल्याकडेही आणि त्यांच्याकडेही: 'पे दा मेझा'. इथे रेंगाळू नका, फक्त नावं वेगळी पडतात तिथे थांबा. कपाला आपण कान म्हणतो, ते 'आझा' म्हणतात, म्हणजे पंख. लसणाची आपली पाकळी असते, त्यांचा दात असतो, 'देंते दे आल्यो'. टाळूला ते तोंडाचं आकाश म्हणतात, 'सेउ दा बोका'. पायाच्या पोटरीला 'बारीगा दा पेर्ना', म्हणजे पायाचं पोट; आपल्या पोटरीतही पोट दिसतंच. आणि झाडाचं पान तेच कागदाचं पान, 'फोल्या', अगदी मराठीसारखं.

एका जागी मात्र सावध राहा. 'लेवांतार आ मेझा' शब्दशः टेबल उचलणं. जेवणानंतर यजमानीणबाई असं म्हणाल्या तर ताटवाट्या उचलायच्या आहेत.

चौथी पायरी: व्याकरण खूण देतं, ती वाचा

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे, आणि बहुतेक नवशिके ती चुकवतात. वाक्प्रचारांच्या याद्या पाठ करण्याची सगळ्यांना हौस असते. पण पोर्तुगीज भाषा लाक्षणिक अर्थ कुठे आहे हे कितीदा तरी स्वतःच, वाक्याच्या बांधणीतून, सांगत असते.

विशेषणाची जागा बघा. पोर्तुगीजमध्ये विशेषण सहसा नामानंतर येतं, आणि तिथे त्याचा अर्थ सरळ असतो. तेच विशेषण नामाआधी आलं की अर्थ बऱ्याचदा आत वळतो. 'ओमें ग्रांदे' म्हणजे अंगापिंडाने मोठा माणूस. 'ग्रांदे ओमें' म्हणजे थोर माणूस. 'ओमें पोब्रे' म्हणजे पैशाने गरीब; 'पोब्रे ओमें' म्हणजे बिचारा, मग तो लखपती असला तरी. 'आमीगो वेल्यो' वयाने म्हातारा मित्र. 'वेल्यो आमीगो' जुना मित्र, तो पंचविशीतलाही असू शकतो. 'फुंसियोनारियो आल्तो' उंच कर्मचारी. 'आल्तो फुंसियोनारियो' वरिष्ठ अधिकारी. 'कारो नोवो' कोरी गाडी. 'नोवो कारो' म्हणजे पहिलीच्या जागी आलेली दुसरी, ती वापरलेली असली तरी चालेल. मराठीत विशेषण जागा सोडत नाही. 'मोठा माणूस' म्हटल्यावर थोर, धिप्पाड की वयाने वाढलेला हे आपण संदर्भावरून ठरवतो. त्यामुळे ही जागेची खूण आपल्या डोळ्यांना दिसायला वेळ लागतो. महिनाभर वाचताना प्रत्येक वेळी नामाआधी आलेल्या विशेषणाखाली पेन्सिलीने रेघ मारा. सगळ्याच रेघा कामाच्या निघणार नाहीत, पण सवय लागेल.

लिंगाकडे बघा. केळं स्त्रीलिंगी, 'उमा बानाना'. पण 'एले ए उं बानाना' असं पुल्लिंगी उपपद (इंग्रजीतल्या 'a', 'the'सारखा शब्द) लागलं की तो माणूस शेळपट आहे. शब्द स्त्रीलिंगी, उपपद पुल्लिंगी: हा विजोड मेळच सांगतो की फळाबद्दल बोलणं चाललेलं नाही. तसंच 'आ काबेसा' म्हणजे डोकं, आणि 'ओ काबेसा' म्हणजे टोळीचा म्होरक्या. ब्राझीलमध्ये 'आ कारा' म्हणजे चेहरा आणि 'ओ कारा' म्हणजे तो गडी, तो इसम.

उपपद गायब झालंय का ते बघा. 'आब्रीर आ मांव' म्हणजे हात उघडणं. मधला 'आ' काढा: 'आब्रीर मांव दे', म्हणजे एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडणं. ब्राझीलमध्ये 'दार आ बोला' चेंडू देणं, तर 'दार बोला' म्हणजे कुणाला भाव देणं. नाम उपपदाशिवाय उघडंच क्रियापदाला चिकटलं की ते दोघं मिळून एकच क्रिया झालेले असतात. आता ते वेगळे करून अर्थ लावायचे नाहीत. मराठीत 'हात देणं', 'कान देणं' यांत असंच होतं. फक्त आपल्याकडे उपपद नसल्यामुळे बाहेरून फरक दिसत नाही.

'सेर' आणि 'एस्तार' ही दोन 'असणं' बघा. 'ओ काफे एस्ता फ्रीओ', कॉफी गार झाली आहे. 'ओ झोआंव ए फ्रीओ', झोआंव थंड मनाचा आहे, माया नसलेला. 'एस्तार'सोबत तात्पुरती अवस्था, 'सेर'सोबत स्वभाव, आणि माणसाच्या स्वभावाला लावलेलं वस्तूचं विशेषण बहुधा लाक्षणिकच असतं. ही खूण विशेषणांपुरती धरा. 'एस्तार नास नुवेंस', ढगांत असणं, म्हणजे तंद्रीत असणं. तिथे 'एस्तार' असूनही अर्थ लाक्षणिकच आहे.

पाचवी पायरी: शब्दकोश नीट उघडा

प्रिबेराम आणि इन्फोपेदिया हे पोर्तुगालचे, मिकाएलिस आणि औलेते हे ब्राझीलचे कोश इंटरनेटवर फुकट बघता येतात. दोन्ही देशांचा एकेक कोश उघडा ठेवा. नोंदीत सरळ अर्थ साधारणपणे आधी येतात. मग अर्थाआधी छोट्या खुणा दिसू लागतात: 'फिग.' किंवा 'फिगुरादो' म्हणजे लाक्षणिक, 'पॉप.' म्हणजे बोलीतला, 'पेज.' म्हणजे हिणवण्यासाठी वापरलेला, 'ब्राझ.' म्हणजे ब्राझीलपुरता. या खुणा अर्थाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. 'पेज.' न वाचता शब्द वापरलात तर अर्थ बरोबर असूनही समोरचा दुखावेल.

वाक्प्रचार शोधायचा तर क्रियापदाखाली नव्हे, त्यातल्या मुख्य नामाखाली शोधा. 'दार', 'फाझेर', 'पासार' यांच्या नोंदी न संपणाऱ्या असतात. 'फाझेर फीता' हवं असेल तर 'फीता' उघडा. तिथे आपली फीत मिळेल, सिनेमाची फिल्म मिळेल, आणि शेवटाकडे 'नाटक करणं, नखरे करणं' हा अर्थ मिळेल. कोशातूनही समाधान झालं नाही तर 'सिबेरदूविदास' हे पोर्तुगालचं शंकानिरसनाचं संकेतस्थळ 1997पासून चालू आहे. तिथे भाषातज्ज्ञांनी दिलेली हजारो उत्तरं शोधता येतात. भाषांतर करणाऱ्या ॲपवर वाक्प्रचारासाठी एकट्यावर विसंबू नका. आलेलं मराठी भाषांतर परत पोर्तुगीज करून बघा. मूळ वाक्य परत आलं नाही तर काहीतरी निसटलं आहे.

सहावी पायरी: बोलणारा लिस्बनचा की साओ पाउलोचा?

शब्द एक, देश दोन, आणि लाक्षणिक अर्थ मात्र एकाच देशात. कंजुषाला ब्राझीलमध्ये 'पांव दूरो' म्हणतात, म्हणजे कडक पाव. पोर्तुगालमध्ये त्याला 'फोरेता' म्हणतील. अवघड काम निस्तरायला ब्राझिली माणूस 'देस्कास्कार उं आबाकाशी' म्हणतो, अननस सोलणं. ज्याने सुरीने अननस सोललाय त्याला हे पटेल. पण आपल्या 'अननस'चं मूळ असलेला 'आनानास' पोर्तुगालमधला नेहमीचा शब्द. ब्राझीलमध्ये तेच फळ 'आबाकाशी' होतं, आणि वाक्प्रचार त्या नावालाच चिकटलेला आहे. 'लेगाल' दोन्हीकडे कायदेशीर, पण ब्राझीलमध्ये कुणी 'के लेगाल!' म्हणालं तर कायद्याचा काही संबंध नाही, त्याला ती गोष्ट मस्त वाटली आहे.

यातले दोन शब्द मात्र आजच पक्के करा. 'प्रोपीना' म्हणजे पोर्तुगालमध्ये विद्यापीठाची फी. ब्राझीलमध्ये ती लाच. 'रापारीगा' म्हणजे पोर्तुगालमध्ये साधी मुलगी; ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ती शिवी आहे. गोव्यात पोर्तुगालच्या वळणाची भाषा शिकून पुण्यात ब्राझिली ग्राहकांशी बोलण्याची नोकरी करणाऱ्यांनी हे दोन शब्द विसरता कामा नयेत.

ब्राझीलमधला अजून एक प्रयोग: 'काइउ आ फीशा', टोकन पडलं, म्हणजे आत्ता कुठे उमगलं. सार्वजनिक फोनमध्ये टोकन खाली पडलं की बोलणं सुरू व्हायचं. या फोनवर अंड्यासारखं छत असे, वास्तुरचनाकार चू मिंग सिल्वेइरा यांनी आखलेलं, 1972मध्ये रस्त्यांवर आलेलं. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'ओरेल्यांव', म्हणजे मोठ्ठा कान. टोकनं केव्हाच गेली, वाक्प्रचार राहिला. आपल्याकडे एलईडीच्या काळातही डोक्यात ट्यूब पेटते, तसंच.

सातवी पायरी: मागची गोष्ट विचारा

काही वाक्यांत कसोटीची दुसरी अट, सरळ अर्थाशी नातं, कितीही डोकं लावलं तरी सापडत नाही. कारण ते नातं इतिहासात असतं. 'आगोरा, इनेस ए मोर्ता': आता इनेस मेली आहे. ही इनेस दे कास्त्रो. राजपुत्र पेद्रोचं तिच्यावर प्रेम होतं. त्याच्या बापाने, राजा चौथ्या आफोंसोने, 7 जानेवारी 1355 रोजी कोइंब्रामध्ये तिला मारवलं. पेद्रो 1357मध्ये राजा झाला, त्याने मारेकऱ्यांचा सूड घेतला, ती आपली लग्नाची बायको होती असं जाहीर केलं, आल्कोबासाच्या मठात दोघांसाठी कोरीव कबरी बांधवल्या. त्या आजही तिथे पायाला पाय लावून समोरासमोर आहेत. पण इनेस मेली ती मेलीच. म्हणून वेळ निघून गेल्यावर हे वाक्य म्हणतात. अर्थाने ते आपल्या 'बैल गेला आणि झोपा केला'च्या जवळ आहे. तरी मी भाषांतरात ही म्हण सरसकट घालत नाही. आपली म्हण उशिरा जागं होणाऱ्याला टोमणा मारते; पोर्तुगीज वाक्यात टोमण्यापेक्षा हळहळ जास्त आहे.

'पारा इंग्लेस वेर', इंग्रजाला दिसावं म्हणून, म्हणजे निव्वळ देखाव्यासाठी केलेलं. ही उक्ती ब्राझीलच्या 1831च्या कायद्याशी जोडली जाते. ब्रिटनच्या दबावामुळे ब्राझीलने आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर बंदी घातली, पण ती कागदावर. जहाजं येतच राहिली, आणि व्यापाराला खरा आळा 1850च्या कायद्यानंतर बसला. हे तीन शब्द म्हणताना हसू येतं, पण त्यांच्याआड लाखो माणसांचं दुःख आहे हे शिकणाऱ्याला माहीत असावं असं मला वाटतं.

'फिकार आ वेर नावियोस', जहाजं बघत राहणं, म्हणजे पदरी काही न पडणं. याच्या एकाहून अधिक गोष्टी सांगतात. कुणी 1578च्या, मोरोक्कोतल्या आल्कासेर-किबीरच्या लढाईतून न परतलेल्या राजा सेबास्तियांवची वाट टेकडीवरून बघणाऱ्या लिस्बनकरांकडे बोट दाखवतं. कुणी 1807मध्ये राजदरबार ब्राझीलकडे निघून गेल्यावर लिस्बनला पोचलेल्या फ्रेंच सैन्याकडे. अशा गोष्टी लक्षात ठेवायला उपयोगी पडतात. पुरावा म्हणून वापरू नका. अर्थ ठरवायचा तो आजच्या वापरावरून.

आठवी पायरी: जुन्या कागदांसमोर थांबा

गोव्याच्या वाचकांसाठी ही पायरी वेगळी ठेवली आहे, कारण इथे चुकीची किंमत घरजमिनीत मोजावी लागते. 1867चा पोर्तुगीज नागरी कायदा गोव्यात 1870पासून लागू झाला, आणि आजोबा-पणजोबांच्या पेटीतल्या दस्तऐवजांत त्याची भाषा जागोजागी आहे. ही भाषा कोरडी दिसते म्हणून ती शब्दशः असेल असं वाटतं. तसं नाही. कायद्याची भाषा विझलेल्या रूपकांनी भरलेली असते.

वारसांच्या वाटपाच्या, म्हणजे 'इन्व्हेंटरी'च्या प्रकरणात 'काबेसा दे काझाल' हा शब्द येतो. 'काबेसा' डोकं, 'काझाल' जोडपं, म्हणून 'जोडप्याचं डोकं' असं भाषांतर मी स्वतः पाहिलं आहे. प्रत्यक्षात वाटप होईपर्यंत मृताच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणारी आणि तिची यादी देणारी व्यक्ती म्हणजे 'काबेसा दे काझाल'. जुन्या वापरात 'काझाल' म्हणजे घरदारही, आणि डोकं म्हणजे त्याचा कर्ता. 'बेंस दे राईझ', मुळांची मालमत्ता, म्हणजे स्थावर: जमीन, घर. झाडाबागांशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असं नाही. 'नूआ प्रोप्रियेदादे', नग्न मालकी, म्हणजे मालकी तुमची, पण उपभोगाचा हक्क दुसऱ्याकडे. उत्पन्नाचं वस्त्र काढून घेतलेली मालकी. असा शब्द दिसला की अर्थाचा अंदाज बांधू नका, पोर्तुगीज कायदा जाणणाऱ्या वकिलाला किंवा नोटरीला विचारा. तुम्हाला भाषा येत असली तरी विचारा.

नववी पायरी: वही आणि सराव

वहीत प्रत्येक वाक्प्रचारासाठी तीन गोष्टी लिहा: वाच्यार्थाचं चित्र, लाक्षणिक अर्थ, आणि तो कुणाकडून, कुठल्या देशात, कसल्या प्रसंगी ऐकला. तिसरी गोष्ट लिहायचा कंटाळा येतो, पण पुढे तीच कामाला येते. मराठी प्रतिशब्द सुचला तर कडेला लिहा, त्याला मुख्य अर्थ करू नका. इनेसचं उदाहरण वर दिलंच आहे. पहिले काही महिने वाक्प्रचार ओळखा, वापरू नका. वापरायचे तेव्हा एखाद्या पोर्तुगीज माणसाच्या तोंडून निदान दोनदा ऐकलेलेच वापरा. आणि आपल्या म्हणी शब्दशः पोर्तुगीजमध्ये नेऊ नका, हात हलवण्यासारखे योगायोग मोजकेच असतात.

आता पेन्सिल घ्या. ही चार वाक्यं माझ्या वर्गातली आहेत.

'आ शावे एस्ता ना मेझा. आ शावे दो प्रोब्लेमा, नांव.' किल्ली टेबलावर आहे. समस्येची किल्ली नाही. पहिली सरळ, दुसरी लाक्षणिक, आणि फरक ओळखवतो तो 'दो प्रोब्लेमा'. समस्येला कुलूप नसतं, तिथे अडथळा आला.

'ओ वेल्यो मेस्त्रे ए उं मेस्त्रे वेल्यो.' विशेषण आधी कुठे आणि नंतर कुठे ते बघा. फार वर्षांपासूनचे ते गुरुजी आता वयानेही म्हातारे आहेत. आपल्या मेस्त्रीचं मूळ असलेला हा 'मेस्त्रे' तिकडे गुरूही असतो, उस्तादही, आणि बांधकामावरचा मुकादमही.

'पासेइ ओ दिया आ देस्कास्कार बातातास.' दिवसभर बटाटे सोलत बसलो. इथे लाक्षणिक काही नाही. बटाट्यांच्या जागी 'आबाकाशीस' असते आणि बोलणारी ब्राझीलची असती, तर तिला विचारावं लागलं असतं: स्वयंपाकघरात होतीस की ऑफिसात?

'फुइ पेदीर उं आउमेंतो ए लेवेइ उं बाल्दे दे आग्वा फ्रीआ.' हे मी सोडवून देत नाही. 'फुइ पेदीर' म्हणजे मागायला गेलो, 'आउमेंतो' म्हणजे पगारवाढ, इथला 'ए' म्हणजे आणि, 'लेवेइ' म्हणजे मला मिळाली. बाकीचे सगळे शब्द वर येऊन गेले आहेत. हे जमलं की पाचवं वाक्य तुम्ही लिहा, 'फीता' घालून: एकदा केसांना बांधायची, आणि एकदा नखऱ्याची.